भुईगाव ते अर्नाळा, त्याला थांबवायला

मला लिहिता येतं ते सहीपुरतं. हे मी बोलतोय आणि मुलगी लिहून घेतेय. चुका सापडल्या तर माझ्या. शहाणपण सापडलं तर तिनं मधेच घुसडलंय असं समजा.

आमचं गाव वसईतलं सांडोर. केळीची वाडी, थोडी वांगी, थोडी पानवेल. माझा दोस्त शेजारच्या वाडीतला. दोन वाड्यांच्या मधे कुंपण होतं आणि त्याला एक भोक. लहानपणी आम्हीच पाडलेलं, आणि आम्ही वाढलो तसं तेही वाढवत गेलो. तो मॅट्रिक झाला. मी चौथीत असताना शाळेच्या खिडकीतून जो बाहेर पडलो तो परत दारातून आत गेलो नाय. मास्तरांनीपण बोलावलं नाय. त्यांनाही बरं वाटलं असेल.

तरी संध्याकाळी शिंपणं झालं की आम्ही दोघं विहिरीच्या काठावर. मी बोलायचो, तो ऐकायचा. माझं ऐकणारे गावात पुष्कळ होते, पण ते हसायला यायचे. मी कसा पडलो, कुत्रा कसा मागं लागला, लग्नात मी चुकून दुसऱ्याच मांडवात जाऊन कसा जेवलो. हसून झालं की उठून जायचे. हा बसून राहायचा. हा पण हसायचा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा, आणि मग जरा वेळानं म्हणायचा, "बरं, आता खरं काय झालं ते सांग." मग मी सांगायचो. माझा बाप दारू पिऊन मारायचा ते मी फक्त त्याला सांगितलंय. गावाला मी तेच 'बाप नाचायचा' असं सांगून हसवलंय.

आणीबाणीच्या आधीचा एक उन्हाळा. विहिरीवर बसलो असताना तो म्हणाला, "जूनमध्ये मी सेमिनरीत जाईन म्हणतो. पाद्री व्हायला."

मी हसलो. विनोद करणं हे माझं खातं, त्यानं कधी केला नव्हता, म्हणून मी मन मोठं करून जोरात हसलो. तो हसला नाय. तेव्हा कळलं.

गावात तर आनंदीआनंद. आमच्या आळीतून आजवर कुणी पाद्री निघाला नव्हता. एक कंपाउंडर निघाला होता, त्याच्यावरच आम्ही वीस वर्षं मिरवत होतो. आता म्हाताऱ्या बाया त्याला रस्त्यात थांबवून त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला लागल्या. मामा, आत्या, काका, सगळ्यांनी त्याला जेवायला बोलवायचा सपाटा लावला. मी त्याच्याबरोबर जायचो. जेवण चांगलं असायचं, तेवढ्यापुरता माझापण देवावर विश्वास बसायचा.

पण घरी येऊन पडलो की डोक्यात हिशोब सुरू व्हायचा. आठ-दहा वर्षं शिकायचं, मग बिशप सांगतील तिकडं जायचं. विहिरीवर मी कुणाशी बोलायचं? बैलाशी?

तो अजून डळमळत होता, हे मला ठाऊक होतं. एकदा म्हणाला होता, "कधी वाटतं, देवानं हाक मारलीय. कधी वाटतं, माझेच कान वाजतायत." ते मी पकडून ठेवलं. ठरवलं, याला एक दिवस दर्याकाठानं अर्नाळ्यापर्यंत न्यायचं. आमच्या शास्त्रात सैतान चाळीस दिवस येशूच्या मागं लागतो, त्याला डोंगरावर नेतो आणि जगातली राज्यं दाखवतो, की बघ, हे सगळं तुला देतो. आमच्याकडचा डोंगर तुंगारेश्वर, तो पडला लांब आणि चढायला कठीण. म्हणून मी समुद्र घेतला. वाळू दाखवीन, ताडी पाजीन, अर्नाळ्याच्या पोरी दाखवीन, किल्ला दाखवीन. आणि मग म्हणेन, नको जाऊ. दोनच शब्द. मी ते पाठ करत होतो. शाळेत पाढे असे पाठ केले असते तर आज मी कुठं असतो.

आता इथं भरती-सुकतीचं सांगायला पाहिजे. सुकती म्हणजे ओहोटी. आम्ही वाडीतली माणसं. समुद्र हाकेवर, पण आमचं तोंड कायम विहिरीकडं. घरात कॅलेंडर चर्चचं. त्यात कुठला संत कधी मेला ते अगदी बरोबर, पण चंद्र कुठंय त्याचा पत्ता नाय. कोळी लोक तिथीवर चालतात. पाचूबंदरची कोळीण मासळी घेऊन दारात यायची, तिला मी विचारून ठेवलं होतं. ती म्हणाली, "सातमीला दुपारची सुकती. पानी लांब जाते, वालू अशी कडक होते, सायकल काय, बैलगाडी घाल."

सातमीला निघायचं ठरलं. तर त्याच्या आत्याचं जेवण आलं, मग मामाचं, मग आणखी कुणाचं. चार-पाच दिवस गेले. मी म्हटलं, गेले तर गेले, समुद्र कुठं पळून जातोय? सुकती दुपारची म्हणजे दुपारची. आमच्या देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा रोज बाराला वाजते. ती कधी म्हणते का, की आज मंगळवार, आज मी एक वाजता वाजणार?

निघालो त्या दिवशी सकाळी त्याच्या आयनं डबा दिला. उघडून बघतो तर फुगे. फुगे म्हणजे मैद्याचे गोळे, आमच्याकडं लग्नाला तळतात, सणाला तळतात. सायकलवरून भटकायला निघालेल्या दोन घोड्यांना कुणी फुगे तळून देत नाय. मी त्यातला एक तिथंच तोंडात टाकला. ती माझ्याकडं बघत राहिली.

भुईगावला सुरूच्या झाडांतून बाहेर आलो तर वाळूच नाय. समुद्र थेट सुरूच्या मुळाशी येऊन बसलेला.

तो म्हणाला, "दुपारची सुकती ना?"

"आहे ना."

"मग हे काय आहे?"

"सकाळचा जरा फुगतो. माझंपण तोंड सकाळी सुजलेलं असतं."

वर मऊ वाळूची एक पट्टी उरली होती. तिच्यात चाकं अर्धी रुतायची. सायकल आम्हाला नेणार होती, आता आम्ही सायकलीला नेत होतो. ऊन चढलं. मी मनात म्हणत होतो, सैतानानंसुद्धा आधी जागा बघून ठेवली असेल. असं ढकलत ढकलत कळंबच्या अलीकडे पोचलो, तिथं एक खाडी समुद्राला मिळते. ती काठोकाठ भरलेली. पलीकडे जायची सोय नाय.

काठावर झावळ्यांची एक झोपडी, आणि दारात एक म्हातारी कोळीण जाळं सांधत बसलेली. तिनं आमच्याकडं बघितलं, सायकलींकडं बघितलं, आणि विचारलं, "कनच्या गावचे रं?"

"सांडोरचे, मावशी."

"वाटलंच. केलीचे घड मोजाला येते, पानी मोजाला येत नाय. आज बारस हाय. या टायमाला खाडी वलांडाला कोन येते?"

मी म्हटलं, "कोळीण बोलली दुपारची सुकती."

"कवाची गोष्ट?"

"सातमीची."

ती एवढी हसली की जाळं मांडीवरून खाली पडलं. "सातमीची सुकती बारशीला मागतो! अरे, ती रोज उशिरानं येते. कालच्या टायमाला आज नाय, आजच्या टायमाला उद्या नाय. दर्या काय तुमच्या देवलाची घंटा हाय?"

आता हिला घंटेचं कुणी सांगितलं? तो माझ्याकडं बघून हसत होता. त्याला माझा सगळा हिशोब कळला होता.

दुपार कलल्याशिवाय खाडी उतरणार नाय, म्हणाली. मग काय, बसलो. फुगे काढले, तिलापण दिले. तिनं ताडीचं मडकं आणलं. मला वाटलं, चला, मोह नंबर एक. मी त्याच्यापुढं पेला धरला. तो म्हणाला, "मला नको, ऊन आहे." सैतानाचं काम मधेच सोडता येत नाय म्हणून त्याच्या वाटणीची मीच प्यायलो. मग माझ्या वाटणीची. मग सुरूच्या सावलीत जरा पाठ टेकली.

जागा झालो तेव्हा सावली दुसरीकडं गेली होती आणि ऊन माझ्या पोटावर. म्हातारीचा आवाज येत होता. मघाचा हसरा आवाज नव्हता तो. मी डोळे उघडले नाय, नुसता पडून ऐकत राहिलो.

ती तिच्या मुलाचं सांगत होती. तो दुसऱ्या बंदरावर मोठ्या बोटीवर कामाला गेला, दिवाळीपासून आला नाय. माणसं सांगतात की बरा आहे, तिकडंच बाई केलीय. ती म्हणत होती, "बाई करू दे. दहा कर. पन मला एकदा येऊन सांग ना, की आये, मी जित्ता हाय. हे मी कोनाला सांगाला गेली का लोक म्हंतात, म्हातारीचं परत सुरू झालं."

मी एक डोळा उघडला. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला होता. जाळ्याचं एक टोक तिनं त्याच्या पायाच्या अंगठ्याला अडकवलं होतं, ताणून धरायला. तो हलत नव्हता. काय बोलतपण नव्हता. मधेच एकदा म्हणाला, "मग?" आणि ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली, आणि तो पहिल्यापासून ऐकायला लागला.

त्याचं तोंड मला दिसत होतं. विहिरीवर माझं ऐकताना असतं ते तोंड. अगदी तेच. मला वाटायचं, ते तोंड त्यानं माझ्यासाठी ठेवलंय. तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण मला वाटायचं. आणि खरं सांगतो, मला राग आला. बायको परक्याशी हसून बोलताना बघून नवऱ्याला येत असेल तसा राग. म्हातारीचा राग! सत्तरीची बाई, तोंडात दात नाय, आणि मी तिच्यावर जळतोय.

मी मुद्दाम मोठ्यानं जांभई देऊन उठलो. दोघांनी बघितलं नाय.

खाडी उतरली तसं आम्ही निघालो. म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "परत ये रं बाबा." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू नाय आलास तरी चालंल. ताडी संपली."

खाडीत कमरेएवढं पाणी. सायकली खांद्यावर. तो सरळ चालत पार झाला. मी मधे चिखलात पाय घातला आणि सायकलीसकट बसलो. पाण्याच्या वर माझं डोकं आणि सायकलीचं हॅंडल, एवढंच. त्यानं परत येऊन कॉलर धरून मला ओढलं. मी म्हटलं, "पाद्री व्हायच्या आधीच बाप्तिस्मा द्यायला लागलास?" तो हसला, पण अर्धाच.

आणि मग, पलीकडे, ती वाळू.

पाचूबंदरची कोळीण म्हणाली होती तसंच होतं. पाणी लांब, खूप लांब गेलेलं. मागं ओली, कडक, सपाट वाळू, जमिनीवर आभाळ अंथरावं तशी. सायकल तिच्यावर चढली आणि आवाजच थांबला. नुसता चाकाखाली बारीक सर्रर्र. खेकड्यांनी वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घातली होती, तिच्यावरून चाक गेलं की मला पाप केल्यासारखं वाटायचं. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला सुरू. पुढं कुणी नाय, मागं कुणी नाय. तो पुढं, शर्टाची बटणं उघडी, शर्ट पाठीमागं शिडासारखा फुगलेला. कधी दोन्ही हात सोडायचा. मीपण सोडले. मी पडलो. त्याला कळलंच नाय, तो तसाच पुढं गेला, लांब, लहान होत गेला. मी वाळूत बसून बघत होतो. हाक मारली नाय. कधी कधी मला वाटतं, त्या दिवसातलं बाकी सगळं घ्या, मला तेवढं परत द्या. पडलेला असलो तरी चालेल.

राजोडीला बोंबील वाळत घातले होते, बांबूच्या वलांडीवर ओळीनं, जबड्यात जबडा अडकवून. पोरी होत्या. मी म्हटलं, आला मोह नंबर दोन. सायकल ऐटीत वळवली. माझी हाफ पॅंट खाडीच्या चिखलानं मागून काळी झाली होती हे मला ठाऊक नव्हतं. पोरींना दिसलं. एक ओरडली, "ए भाऊ, घरी जाऊन धुवायला लाव!" सगळ्या एवढ्या हसल्या की वलांडी हलली. तोपण हसत होता. पोरींकडं त्यानं बघितलंपण नाय. तो माझ्याकडं बघून हसत होता.

नवापूर मागं टाकलं आणि अर्नाळा आला. होड्या वाळूवर आडव्या पडलेल्या, समोर पाण्यात किल्ला, त्याच्या मागं सूर्य उतरायला लागलेला. एका पालथ्या होडीला टेकून बसलो. मी पाठ केलेले दोन शब्द तोंडात आणून ठेवले. तेवढ्यात तोच म्हणाला.

"एक विचारू?"

"विचार. पण बरोबर उत्तर पाहिजे असेल तर दुसऱ्या कुणाला तरी विचार."

"नाही, तुलाच विचारायचंय." तो किल्ल्याकडं बघत होता. "मी जाऊ का?"

मी बोटानं वाळू उकरायला लागलो.

"घरात मला कुणी नको म्हणत नाही. सगळे खूश आहेत. आय फुगे तळते. पण तू नको म्हणालास ना, तर मी जाणार नाही. खरंच जाणार नाही."

बघा. सैतानाला चाळीस दिवस घासून मिळालं नाय ते मला एका दिवसात मिळत होतं, तेपण चिखलाच्या पॅंटीत. फक्त तोंड उघडायचं होतं. आणि माझ्या डोळ्यांपुढं काय यावं? विहीर यायला पाहिजे होती. ती आली नाय. त्याच्या अंगठ्याला अडकवलेलं जाळं आलं. म्हातारी पहिल्यापासून सांगतेय, आणि हा पहिल्यापासून ऐकतोय.

मी म्हटलं, "जा."

तो वळला. "का?"

"तुझे कान दोनच, आणि दोन्ही मी अडवून ठेवलेत. गावात बाकीची माणसंपण आहेत ना."

तो हसला. मी थांबलो. हसून झालं की तो विचारायचा ना, खरं काय ते सांग म्हणून. मी वाट बघितली. त्या दिवशी त्यानं विचारलं नाय. बहुतेक पहिल्यांदाच मी खरं आधी बोललो होतो.

परत रस्त्यानं आलो, आगाशीवरून, निर्मळवरून. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तो विहिरीवर अंग धुवायला गेला. त्याची आय मला हाताला धरून केळीच्या आड घेऊन गेली.

"बोललास का?"

"काय, मावशी?"

"नको जाऊ म्हणून."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ती हळू बोलत होती, विहिरीकडं बघत बघत.

"मी त्याची आय. देव मागतोय, मी नाय कशी म्हणू? लोक तोंडात शेण घालतील. म्हटलं, तू दिवसभर बरोबर असशील, तू बोलशील. तुझं कोण मनावर घेतंय? तू काय पण बोललास तरी चालतं."

आयुष्यात असंख्य वेळा नको तिथं मला विनोद सुचलेत. मयताला सुचलेत. तिथं एकपण सुचला नाय.

"बोललो, मावशी," मी म्हटलं. "जा म्हटलं."

तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. जोराचा. मग हात तिथंच ठेवला. बराच वेळ ठेवला. विहिरीवर पाणी ओतल्याचा आवाज येत होता, आणि तो काय तरी गुणगुणत होता.

तो गेला. वर्षं गेली. मी संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसायला लागलो. ती सांगायची, आज तो काय जेवला असेल, थंडीत पांघरूण असेल का. मी त्याच्यासारखं ऐकायचा प्रयत्न करायचो, पण दोन मिनिटांत माझं तोंड उघडायचं आणि भलतंच बाहेर पडायचं. ती म्हणायची, "तुला नाय रे जमत." मी म्हणायचो, "नाय जमत." मग दोघं उगाच रस्त्याकडं बघत बसायचो.

पाद्री होऊन त्यानं गावच्या चर्चमध्ये प्रार्थनेची पहिली मिस्सा केली त्या दिवशी मांडव घातला होता. मिस्सा झाली, जेवणं झाली, आणि तो मांडवाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसला. माणसं एकेक करून त्याच्याजवळ जायला लागली. कुणाचा नवरा पितो, कुणाची पोरगी ऐकत नाय, कुणाचा भाऊ वाडी विकायला निघालाय. तो ऐकत होता. पांढऱ्या झग्यात बारीक दिसत होता, पण तोंड तेच. रांग लागली. मीपण रांगेत उभा राहिलो. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं, पण पुष्कळ साठलं होतं.

रांग काय पुढं सरकेना. म्हटलं, आपल्या मागं किती आहेत बघू, म्हणून वळलो. माझ्या मागं त्याची आय उभी होती. नवी साडी, हातात काय नाय.

"मावशी, तू रांगेत? ये, पुढं हो."

"राहू दे," ती म्हणाली. "आधी तू बोलून घे. मला वेळ लागेल."